तांबड्या फौजेशी जाहलेला तह

श्री. जो गवतात आहे, गवत खाणारात आहे, आणि त्या खाणाराच्या पोटात बसून खाणारातही आहे, त्यास नमन करून हकिकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, आषाढमासी, डोंगराआडील एका राज्यावर परचक्र आले. राज्य लहान, गड तीन, नद्या दोन, आणि सरकारी मेंढवाडा दोन हजारांचा. गडावरची शिबंदी पावसाळ्यात घोंगडीवर जगते आणि घोंगडी मेंढीच्या पाठीवर उगवते, म्हणून मेंढवाडा हा आमचा चौथा गड, ऐसे महाराज नेहमी बोलत. या चौथ्या गडावर शत्रू चालून आला, परंतु तोफ वाजली नाही, धूळ उडाली नाही आणि हेरांस काही दिसले नाही, कारण शत्रू सकाळच्या दवात गवताच्या पात्यावर चढून बसला आणि मेंढीने आपल्याच तोंडाने त्यास आत घेतले. मग मेंढ्या सुस्तावल्या, मग त्यांच्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली, आणि मग एका पंधरवड्यात दोनशे मेंढ्या आडव्या जाहल्या. सरकारचे पशुवैद्य नागोपंत यांनी मेलेली मेंढी फाडून पाहिली, तो कोठ्यात बोटाच्या पेराएवढे, केसासारखे बारीक, तांबडा-पांढरा पीळ पडलेले जंत हजारांनी चिकटलेले. तांबडा रंग मेंढीच्या रक्ताचा. दरबारात त्या दिवसापासून त्यांस तांबडी फौज म्हणू लागले.

नागोपंत विद्वान, हाताचे स्वच्छ, आणि आपल्या विद्येस जपणारे. त्यांनी पळसाच्या बिया कुटून ताकात कालवल्या आणि आजारी मेंढ्यांस पाजल्या, आणि सहा दिवसांत तांबडी फौज लेंड्यांवाटे बाहेर पडून गारद जाहली. मग दरबारात वैद्यांस शालजोडी मिळाली, आणि शालजोडीच्या उबेत त्यांनी महाराजांस अर्ज केला की शत्रू निर्मूळ करावयाचा तर एकही मेंढी सुटता कामा नये. महाराजांनी हुकूम सोडला तो असा: राज्यातील प्रत्येक मेंढी, सरकारी असो वा रयतेची, आजारी असो वा धट्टीकट्टी, तिला दर अवसेस औषध पाजावे, औषध पाजलेल्या मेंढीच्या कपाळी गेरूचा टिळा लावावा, आणि सरकारी मेंढवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी ताशे वाजवीत जुन्या कुरणातून काढून नव्या, कोऱ्या कुरणात न्यावा, म्हणजे स्वच्छ मेंढी स्वच्छ गवतात राहील. हुकूम ऐकून सर्वांस बरे वाटले. त्यात चूक कोठे होती ते पुढे कळले, आणि ज्यांनी हुकूम लिहिला त्यांस सर्वांच्या नंतर कळले.

राज्याच्या दक्षिणेस भैरोबाचा माळ म्हणून उंच रान आहे, तेथे मायाक्का धनगरीण आपली तीनशे वीस मेंढरे राखून होती. वय चाळिशीचे, बोलणे थोडे, आणि नजर अशी की मेंढरू चालताना पाहून त्याने काल काय खाल्ले ते सांगावे. तिच्या घरी औषधाची चाल निराळी. मायाक्का रोज सकाळी वाड्याच्या तोंडाशी बसे, आणि बाहेर पडणाऱ्या मेंढरांतली पन्नासएक धरून त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने उलटून पाही. आत कुंकवासारखी लाल दिसली तर मेंढरू सोडून देई. ताकासारखी पांढरी दिसली तर जंतांनी रक्त शोषले समजून त्याला पळसाचे औषध पाजी. शिवाय तिच्या कुळात अशी रीत की दहांतले एक मेंढरू बिरोबाचे. त्याला कात्री लावायची नाही आणि औषधही पाजायचे नाही. मायाक्काने या रीतीस थोडा बाक दिला होता. देवाचे मेंढरू पांढऱ्या पापणीचे निघाले तर ती त्याला औषध पाजून घरच्यांत घेई आणि लाल पापणीचे दुसरे देवास देई, आणि नवरा कुरकुरला तर म्हणे, “बिरोबा हट्टी न्हाई. तू हाईस.”

हुकमाची दवंडी माळावर आली तेव्हा मायाक्काचा नवरा धुळाप्पा घाबरला. धुळाप्पा मनाचा सरळ, जिभेचा सैल. तो म्हणाला, “समद्या मेंढरांस्नी पाजून टाकू या. सरकारचा हुकूम हाय. आपलं काय जातंय?” मायाक्का बादलीत गेरू कालवीत होती. ती म्हणाली, “ज्याला ताप न्हाई त्याला काढा देतोस का?” धुळाप्पा म्हणाला, “मग टिळा?” ती म्हणाली, “टिळा समद्यांना लावायचा. टिळ्यानं कुणाचं पोट बिघडत न्हाई.” मग तिने तीनशे वीस कपाळे रंगवली, आणि औषध पांढऱ्या पापणीच्या तेवढ्या बेचाळीस मेंढरांस पाजले, आणि धुळाप्पास बजावले की ही गोष्ट माळाखाली उतरता कामा नये. धुळाप्पाने भंडाऱ्याची शपथ घेतली आणि ती दोन वर्षे चार महिने पाळली, हे त्याच्या स्वभावाच्या मानाने पुष्कळ म्हणावे.

पहिले वर्ष हुकमाचा जयजयकार जाहला. शार्वरी संवत्सरात सरकारी मेंढवाड्यात अवघ्या नऊ मेंढ्या दगावल्या. पुढल्या साली, शके सोळाशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सरे, मृत्यू पुन्हा वाढू लागले. ज्येष्ठात साठ, आषाढात एकशे दहा, आणि श्रावणात ताशे वाजविण्यास माणसे उरली पण वाजवीत न्यावयास मेंढ्या उभ्या राहीनात. नागोपंतांनी औषध दुप्पट केले, मग तिप्पट केले, तेव्हा काही मेंढ्या जंताने मेल्या आणि काही औषधाने. भाद्रपदअखेर दोन हजारांचे तेराशे चाळीस राहिले. कोणी बाराशे सांगतात, परंतु मेंढक्यांनी दोनदा मोजले ते तेराशे चाळीस. गडावर घोंगडी पुरेना, पहारेकरी गोणपाट पांघरून उभे राहू लागले, आणि दरबारात जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला की घरात फितूर कोण.

अशा दिवसांत धुळाप्पा आठवडी बाजारात लोकर घेऊन गेला. लोक त्याच्या लोकरीवरून हात फिरवू लागले, कारण साऱ्या बाजारात तेवढीच लोकर दाट होती. सरकारी कुरणाचा राखणदार हैबती तेथे होता. तो म्हणाला, “धुळाप्पा, औषध तर आम्हीबी तेच पाजतोय. तुझ्या मेंढरांना तूप पाजतोस जणू.” स्तुती ऐकून धुळाप्पाची छाती भरून आली, आणि भरल्या छातीत शपथ मावेना. तो म्हणाला, “तूप कशाचं? आमच्या निम्म्या मेंढरांनी औषधाचा वास घेतला न्हाई दोन वर्सं!” हे शब्द तोंडाबाहेर पडताच त्याने तोंडावर हात ठेवला, परंतु हैबती तोवर घोड्यावर बसला होता. धुळाप्पा माळावर परत आला तो बायकोपुढे उभा राहीना. मेंढरांच्या मागे जाऊन बसला. मायाक्काने त्याच्या बसण्यावरूनच ओळखले. म्हणाली, “कुणाला सांगितलंस?” तो म्हणाला, “हैबतीला.” ती म्हणाली, “मग राजाला सांगितलंस.” आणि तिने भाकऱ्या बांधल्या आणि पागोटे त्याच्या डोक्यावर नीट बसवले, कारण दरबारात उभे राहायचे होते.

आरोप ठेवला तो फितुरीचा. कारभाऱ्यांनी वाचून दाखविले की मायाक्का धनगरीण हिने सरकारचा हुकूम मोडून, खोटे टिळे लावून, शत्रूस आपल्या मेंढरांच्या पोटी आसरा दिला, आणि त्याच शत्रूने पुढे सरकारी कुरणावर चालून येऊन साडेसहाशेवर मेंढ्या मारल्या. शाबीत जाहल्यास तिचा कळप सरकारजमा आणि ती नवऱ्यासह राज्याबाहेर. धुळाप्पा रडू लागला. मायाक्का रडली नाही, परंतु तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले; कारण तीनशे वीस मेंढरांतले एकेक तिने जन्मताना हातात घेतले होते, आणि माळाखेरीज तिला जगण्याचे दुसरे ठिकाण ठाऊक नव्हते. महाराजांनी विचारिले, “बाई, शत्रूचे बीज तू घरात ठेविलेस, हे खरे?” ती म्हणाली, “व्हय, ठेवलं.” सभेत गलबला जाहला. नागोपंत उठून बोलिले, “पाहा, कबूल करते! मी एकेक जंत वेचून काढावा आणि हिने त्यांस पोसावे!” मायाक्का त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, “पंत, तुमच्या औषधानं पहिल्या खेपेला समदे जंत मेले का?” पंत म्हणाले, “शंभरांत नव्व्याण्णव.” ती म्हणाली, “आन् राहिला एक. तो का राहिला?” पंत शालजोडी सावरू लागले. ती म्हणाली, “त्याला पळस पचला म्हणून राहिला. मग दुसऱ्या दिवशी तुमी त्याला ताशे वाजवीत कोऱ्या कुरणात नेलंत. तिथं त्याच्या जोडीला कुणी न्हाई. समदं गवत त्याच्याच पोरांचं. ती पोरंबी पळस पचवणारी. तुमी दर अवसेला दुबळे मारलेत आन् दांडगे पेरलेत. माज्याकडं दुबळे जित्ते हाईत. त्यांच्या गर्दीत दांडग्याचं चालत न्हाई.”

कारभारी म्हणाले, “म्हणजे मेंढी बिघडली नाही, औषध बिघडले नाही, जंत शहाणा जाहला?” ती म्हणाली, “शहाणा कशाचा! त्याला काय कळतंय. ज्यांना पळस सोसला न्हाई ते मेले, सोसला ते राहिले. मेंढरांचंबी तसंच. माज्याकडं सात एडके हाईत, त्यांच्या आई-आज्यांनी कधी औषध घेतलं न्हाई. पोटात जंत हाईत, पर पापणी लाल. ते त्याला जेवाय घालतात आन् आपुनबी जेवतात.” नागोपंत कडाडले, “हे सगळे बोलणे! पुरावा?” मायाक्का म्हणाली, “पुरावा मेंढरांच्या डोळ्यात हाय. तुमच्या हातानं बगा, माज्या न्हाई.”

महाराज थोडके बोलणारे आणि पुष्कळ पाहणारे होते. त्यांनी आज्ञा केली की पांढऱ्या पापणीच्या मेंढ्या दोन्हींकडून सारख्या आणाव्या, एकाच भांड्यातले औषध वैद्यांनी स्वहस्ते पाजावे, आणि पळस कोणाच्या मेंढ्यांस लागू पडला ते पंधरा दिवसांनी पाहावे. बाई खोटी ठरल्यास कळप सरकारचा, आणि खरी ठरल्यास वैद्यांनी काय करावे ते वैद्यांनीच सांगावे. वीस-वीस आणाव्या ऐसे ठरले, परंतु मायाक्काच्या कळपात शोधून शोधून पांढऱ्या पापणीच्या अकराच सापडल्या, म्हणून अकरास अकरा जाहल्या. त्यांस गडाखालच्या उघड्या कातळावर दोन वाड्यांत ठेविले, आणि गवतातून नवा शत्रू पोटात जाऊ नये म्हणून बाभळीचा आणि अंजनाचा पाला तोडून वर टांगून खाऊ घातला. ही युक्ती नागोपंतांची, आणि ती चांगली होती. मायाक्का रोज येई, लांब दगडावर बसे आणि मेंढरांस हात लावीत नसे, कारण तसा हुकूम होता. हैबती पहाऱ्यावर होता. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “अक्का, राग न्हाई ना माज्यावर?” ती म्हणाली, “तुज्यावर कशाला? घोडं तुला हाय, जीभ माज्या नवऱ्याला हाय.” धुळाप्पा शेजारीच होता. तो म्हणाला, “ऐकतोय मी.” ती म्हणाली, “ऐकण्यात कवाच कसूर न्हाई तुजी.”

सहाव्या दिवशी दोन्ही वाडे सारखेच सुस्त दिसले, आणि त्या दिवशी मायाक्काने भाकरी खाल्ली नाही. नवव्या दिवशी सरकारी वाड्यात दोन मेंढ्या पडल्या. दहाव्या दिवशी मायाक्काच्या वाड्यातली एक थोराड मेंढी उठून पाल्यासाठी मागल्या पायांवर उभी राहिली आणि दुसरीस ढुशी देऊन तिने तिचा घास ओढून घेतला, तेव्हा धुळाप्पा मोठ्याने हसला आणि मायाक्काने डोळे पुसले. पंधराव्या दिवशी महाराज कातळावर उतरले. नागोपंतांनी पापण्या उलटून एकेक दाखविली. मायाक्काच्या अकरांपैकी दहांची पापणी लाल होऊ लागली होती. सरकारी अकरांपैकी चार मेल्या होत्या, पाच तशाच पांढऱ्या, दोन सुधारल्या. मग नागोपंतांनी कोणी न सांगता मेलेल्यांपैकी एक ताजी मेंढी घेतली आणि कोठा उघडला, आणि औषध पचवून तांबडी फौज तेथे वळवळत होती. त्यांनी मोजावयास आरंभ केला, सहाशेपर्यंत मोजले आणि सुरी खाली ठेविली. हात धुतले, अंगावरची शालजोडी काढून घडी केली आणि महाराजांपुढे ठेविली आणि म्हणाले, “औषध माझे खरे होते. हुकूम खोटा होता, आणि तो मीच मागितला होता.” महाराज म्हणाले, “शाल उचला, पंत. चुकलेले वैद्य मला पुष्कळ मिळतील. चूक मोजणारा मिळणार नाही.” मग मायाक्काकडे वळून बोलिले, “बाई, तू सुटलीस. परंतु माझा मेंढवाडा सुटला नाही. पळस निकामी जाहला. आता उपाय?”

ती म्हणाली, “निकामी झाला तो तुमच्या कुरणात. माज्या माळावर चालतोय, ते आता बगितलंत. म्हंजी माळावरचे जंत कुरणात न्यायला पायजेत.” कारभाऱ्यांनी कानांवर हात ठेविले. म्हणाले, “शत्रूला आता पालखी पाठवून आणायचे?” मायाक्का म्हणाली, “पालखी नगं. चालत येतील, मेंढरांच्या पोटात बसून.” यावर महाराज हसले, आणि सात महिन्यांत ते प्रथमच हसले ऐसे हुजऱ्यांनी सांगितले. मग तिने सविस्तर मांडले, की सरकारी मेंढ्या चैत्र-वैशाख कुरणाबाहेर काढून पाल्यावर ठेवाव्या आणि कुरण उन्हात जळू द्यावे, म्हणजे गवतावरचे दांडगे पुष्कळ मरतील. मग ज्येष्ठात गवत फुटले की तिची बिनऔषधाची मेंढरे त्यात आधी चारावी, म्हणजे त्यांच्या लेंड्यांतून दुबळे जंत सांडतील आणि राहिलेल्या दांडग्यांस गर्दीत बुडवतील. मग सरकारी मेंढ्या आत घ्याव्या, औषध फक्त पांढऱ्या पापणीस द्यावे, ताशे बंद करावे, आणि सात एडके मेंढवाड्यात सोडावे. नागोपंतांनी विचारिले, “आणि हे फसले तर?” ती म्हणाली, “माजी तीनशे वीस तुमच्या कुरणात असतील. फसलं तर माजी आधी मरतील.” धुळाप्पा काही बोलणार तो तिने त्याच्याकडे पाहिले आणि तो बोलला नाही, आणि ही गोष्ट बाजारात पुढे पुष्कळ दिवस सांगितली जात होती.

शके सोळाशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध तृतीयेस मायाक्काचा कळप माळ उतरून सरकारी कुरणात शिरला. पुढे बिरोबाची बत्तीस मेंढरे, कधी न कातरलेली, लोकरीचे डोंगर जणू, आणि त्यांच्या पोटी दुबळ्या शत्रूची पुरी वसाहत. हैबतीने फाटक उघडून मुजरा केला. तो कोणास केला, मेंढरांस की आतल्या फौजेस, हे त्यास विचारिले असता ठाऊक नाही म्हणाला. त्या पावसाळ्यात सरकारी मेंढ्या दोनशे चार मेल्या, आणि कारभारी दर आठवड्यास मायाक्काकडे अशा नजरेने पाहत की तिने मान खाली घालून पापण्या तपासाव्या. तिचीही सोळा मेली. सोळाव्या मेंढरासाठी तिने स्वतः खड्डा खणला. परंतु कार्तिकात नागोपंतांनी पांढऱ्या पापणीच्या पन्नास सरकारी मेंढ्यांस साधे, एकपट औषध पाजले आणि एकोणचाळीस उठल्या, तेव्हा वैद्य स्वतः धावत कुरणात आले, पागोटे हातात, आणि लांबूनच ओरडले, “अक्का, पळस चालला! चालला!” मायाक्का म्हणाली, “हळू, पंत. मेंढरं बुजतील.” आणि मग तिनेही पदर तोंडाशी धरला.

शोभन संवत्सरात सरकारी मेंढ्या अडतीस मेल्या. पुढल्या साली एकतीस. सात एडक्यांची कोकरे मोठी जाहली, ती पावसाळ्यात उभी राहू लागली आणि औषधाची हंडी महिना महिना पालथी पडू लागली. महाराजांनी मायाक्कास विचारिले की शत्रू शून्यावर केव्हा येईल. ती म्हणाली, “येणार न्हाई, म्हाराज. तो बदलणार, मग मेंढरू बदलणार, मग परत तो. त्यांचं आपसात हजार वर्सं चाललंय. आपुन मधी हात घातलाच हाय तर जरा हळू घालायचा, आन् रोज सकाळी पापणी बगायची.” महाराजांनी जुना हुकूम रद्द करून नवा लिहविला: दहांतली एक मेंढी बिनऔषधाची ठेवावी आणि तिला राजाची मेंढी म्हणावे. बिरोबाची नव्हे का, ऐसे कारभाऱ्यांनी विचारिले, तेव्हा महाराज म्हणाले की बिरोबाची माळावर आहेतच, येथे राजाने आपल्या वाट्याची राखावी. त्या साली दसऱ्यास शस्त्रपूजन जाहले आणि मग महाराज मेंढवाड्यात आले, गुडघ्यावर बसले, आणि मायाक्काने धरलेल्या मेंढीची पापणी आपल्या अंगठ्याने उलटली. लाल होती. “सोडा,” महाराज म्हणाले, आणि मेंढी उडी मारून कळपात गेली, पोटातल्या आपल्या फौजेसकट.

येणेप्रमाणे विकारी संवत्सरापासून शोभनाच्या पुढल्या सालापर्यंत जे घडले ते पाहणारांस विचारून, आकडे दोनदा ताडून लिहिले. तह कागदावर जाहला नाही, शिक्के उमटले नाहीत, आणि तो रोज सकाळी नवा करावा लागतो. गडावर घोंगडी पुरतात. तांबड्या फौजेकडे बखर लिहिणारा कोणी नाही. असता तर त्यानेही हीच साले विजयाची म्हणून लिहिली असती, आणि तेही खोटे जाहले नसते.